उजव्या हाताचं पाणी

“मूठ ढिली सोडायची नाय. खांद्यावरनं मागं, पाठीमागनं वर, आन् कोपर कानाला लागल्याबिगर खाली आणायचं नाय. समजलं का, वैनी?”

समजलं सगळं होतं. आबाजी वस्ताद खालापूरला परत गेल्याला आठवडा होऊन गेला, तरी त्याचा तो तालमीतला आवाज बायजाच्या कानातून जात नव्हता. परसात, पेंढ्याच्या उडवीआड ती पदर खोचून उभी होती. समोर शेंदराचा टिळा लावलेला मुदगल, तालमीत खांद्यावरून फिरवायचा लाकडी गदेसारखा सोटा. तिनं इकडेतिकडे पाहिलं, उजव्या हातानं त्याची मूठ धरली, ओठ घट्ट मिटले आणि उचलला.

हात खांद्यापर्यंतही गेला नाही. कोपरातून अशी कळ निघाली की बोटं आपोआप सुटली. मुदगल धपकन खाली पडला आणि गडगडत शेणाच्या ढिगाला जाऊन टेकला.

गोठ्यातून जना, तिची धाकटी जाऊ, धारेचं भांडं घेऊन बाहेर आली.

“बाय, म्हैस बुजली की. तिच्यावर कशाला गं राग? तिनं काय केलं तुझं?”

“तू तुझं काम कर.”

“करत्येच हाय. पण पुढल्या जत्रेत कुस्तीला उतरणार असशील तर आदी सांग. मी लुगडं धुऊन ठेवते.”

बायजा हसली नाही. मुदगल उचलून तिनं पदरानं पुसला. देवाचं लाकूड, त्याला शेण लागलं म्हणून मनातल्या मनात हात जोडले. पण लाकडाचा राग काही जाईना.

कापणीनंतर पेंढा रचताना ती उडवीवरून घसरली होती आणि उजवा हात अंगाखाली सापडला होता. कुंभिवलीपासून चौक गावापर्यंत कुणाचं हाड मोडलं की लोक आबाजीकडेच धावत. तालीम चालवणाऱ्याला निखळलेले सांधे बसवावेच लागतात, तसाच तो शिकला होता. त्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, हाड नीट जुळलंही. पण कामट्या सुटल्या तेव्हा हात वठलेल्या फांदीसारखा झाला होता. सरळ होत नव्हता, वर जात नव्हता. मग आबाजीनं हा मुदगल आणून दिला, पोरासोरांचा, सगळ्यात हलका.

“तालमीतली पोरं गेली पलटणीत,” तो म्हणाला होता. “लढाई संपंस्तवर तुमीच फिरवा.”

बायजाला वजनाची भीती नव्हती. जन्मभर तिनं ओझीच उचलली होती. लाकडाची मोळी, गवताचा भारा, भाताची पाटी. पण प्रत्येक ओझं कुठून तरी निघून कुठं तरी पोचायचं. हे मेलं लाकूड उचलायचं आणि होतं तिथंच खाली ठेवायचं. त्यात दाणा भरडला जात नाही, पाणी भरलं जात नाही, चूल पेटत नाही. अशा रिकाम्या कष्टाला तिचं मन घेईना, आणि मन घेईना म्हणून हातही घेईना.

आणि हात तर हवाच होता.

गावाच्या वरच्या अंगाला, टेकाडावर महादेवाची उघडी पिंडी होती. लग्नानंतर दोनतीन वर्षांनी तिच्या नवऱ्याला, कोंडाजीला, मुदतीचा ताप आला आणि घरच्यांनी आशा सोडली, तेव्हा बायजानं त्या पिंडीला पाणी कबूल केलं होतं. स्वतःच्या हातानं विहिरीतून शेंदून, रोज, तोंडात अन्नाचा कण घालायच्या आधी. कोंडाजी उठला. तेव्हापासून ऊन असो की पाऊस, ती पहाटे घागर डोक्यावर घेऊन टेकाड चढायची. विटाळाचे दिवस आणि बाळंतपणं सोडली तर खंड नव्हता. आता मात्र कार्तिकापासून पिंडी कोरडी होती.

“मी घालते की,” जना म्हणाली होती.

“नवस माझा आन् हात तुझा, असं कसं?”

गुरवानं समजावलं की शरीर आजारी असलं की देव सूट देतो. बायजानं मान डोलावली. पण पौष लागला आणि कोंडाजीला हुडहुडी भरायला लागली. एक दिवस बरा, एक दिवस ताप. तसा हिवताप घरोघरी होता. लढाईमुळे कोयनेलच्या गोळ्या कर्जतलाही मिळत नव्हत्या, जनाचा नवराही दोनदा पडून उठला होता. पण बायजानं आपल्यापुरता हिशेब मांडला होता आणि तो ती कुणाला सांगत नव्हती. पाणी थांबलं, ताप आला.

बाजाराच्या दिवशी आबाजीची बैलगाडी रस्त्यानं चालली होती. लष्कराच्या लॉऱ्यांची रांग जावी म्हणून ती कडेला थांबली, तशी बायजा धावत गेली.

“वस्ताद, मुदगलाबिगर दुसरं कायतरी सांगा ना. जात्यावर बसले तर? ताक घुसळलं तर?”

“जातं पोटासमोर फिरतं. ताक छातीखाली. हात वर कोण नेणार, तुमचा महादेव?”

“असं बोलू नये देवाला.”

“मी देवाला नाय, तुमाला बोलतोय. मोठमोठे गडी माझ्यासमोर रडले, पण मुदगल खाली ठिवला नाय कुणी. आन् तुमी?”

लॉऱ्यांच्या धुळीत गाडी निघून गेली. बायजा तोंडावर पदर धरून घरी आली. आली ती सरळ पाटीभर तांबडी माती आणि शेण घेऊन बसली आणि तावातावानं कालवायला लागली. पावसानं ओटीच्या भिंतीचे पोपडे निघाले होते, कधीचं सारवायचं राहिलं होतं. तिनं उजवा पंजा चिखलात बुडवला आणि भिंतीला लावला. डाव्या हातानं हे काम तिला कधीच जमलं नव्हतं.

ओला हात भिंतीवरून सरकला. दुखलं. पण हात भिंतीला टेकलेला होता, त्याचा भार भिंत घेत होती. तिनं ‘नमः शिवाय’ म्हटलं आणि आणखी थोडा वर नेला. दुखलं, आणि भिंत बोटभर सारवून झाली.

संध्याकाळी जनानं कमरेवर हात ठेवून ती भिंत पाहिली.

“घराला कमरेपर्यंत लुगडं नेसवलंस, वरनं उघडंच?”

“नेसवीन. घाई काय हाय?”

घाई होती. ती रोज सारवायला लागली. ओटी झाली, माजघर झालं, गोठा झाला. सारवणाची वरची कड दर भिंतीला थोडी वर जायची, कमरेवरून छातीशी, छातीवरून खांद्याशी. घरातल्या भिंती संपल्या तशी ती जनाच्या खोल्यांत शिरली, आणि त्याही संपल्यावर शेजारच्या पोशाच्या घरी. पोशाची आई म्हणाली, “बायजा, माझं घर फुकटात सारवतेस, वर उपकार पण माझेच मानतेस. असंच वरच्यावर हात मोडत जा गं.” बायजा म्हणाली, “तुमच्या तोंडात साखर पडो,” आणि तिची भिंत डोक्याच्या वर सारवून घरी आली.

मुदगल तेवढा देव्हाऱ्याशेजारी पाटावर उभा होता. अंगावर मारुतीचा शेंदूर होता, त्याला कोपऱ्यात फेकून कसं चालेल? न्हाऊन आली की ती त्यालाही हळदकुंकू वाहायची.

माघात आबाजी आला. दारातूनच त्याला पाटावरचा मुदगल दिसला, वर ताजं झेंडूचं फूल.

“वैनी! मी हा पूजा कराया दिला व्हता?”

बायजा उभी राहिली आणि उजवा हात वर नेला. कोपर कानाला लागलं.

आबाजी जवळ आला. दंड चाचपला, खांद्याचा गोळा दाबून पाहिला. मग ओटीपासून माजघरापर्यंत भिंतीभिंतीनं पायऱ्यांसारख्या चढत गेलेल्या सारवणाच्या कडा पाहिल्या. मिशीवरून हात फिरवला.

“वर तर गेला,” तो म्हणाला. “आता हे वढा.”

खुंटीवरचा बैलाचा कासरा घेऊन त्यानं एक टोक तिच्या हातात दिलं, दुसरं आपल्या बोटांत नुसतं अडकवलं. बायजानं ओढला. दात आवळून, पाय रोवून ओढला. आबाजी जागचा हलला नाही, आणि दोर तिच्याच मुठीतून सुर्रकन निसटला.

“हात वर गेला, पण त्यात जीव नाय. जीव वजनानंच येतो. आज धरून फिरवलात तर वैशाखातल्या अखितीपर्यंत घागर शेंदाल.”

“अखिती?” बायजाचा आवाज फाटला. “तवर पिंडी कोरडी?”

“मला इचारता व्हय? मी हाडं बसवतो, वैनी. नवस नाय बसवत.” त्यानं पाटावरचा मुदगल उचलला, फूल देव्हाऱ्यात अलगद ठेवलं. “फिरवणार तर ठिवतो. नायतर नेतो.”

बायजानं उजवा हात पदराखाली घेतला. आबाजी मुदगल काखेत मारून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुणाला न सांगता घागर घेऊन विहिरीवर गेली. रहाटावरून दोर सोडला, घागर बुडली, भरली. दोन हातांनी तिनं ती पाण्याच्या वर आणलीही. तिथून उजव्या हातानं साथ सोडली. दोर रहाटावरून धावत सुटला, डावा तळवा सोलून काढला आणि टोकासकट आत गेला. खालून एक जड आवाज आला.

काठावर बाया होत्या. कुणी हसलं नाही. जनानं गळ आणला, घागर शोधून वर काढली, भरली आणि स्वतःच्या डोक्यावर घेऊन घराकडे निघाली. कुणी हसलं नाही, हेच बायजाला सोसवलं नाही.

तो दिवस कोंडाजीच्या तापाच्या पाळीचा होता. दिवेलागणीला त्याचे दात वाजायला लागले. दोन घोंगड्या आणि जनाची गोधडी घालूनही खाट हलत होती. बायजानं काडेचिराइताचा काढा पाजला आणि पायथ्याशी बसून डाव्या हातानं त्याचे तळवे चोळायला लागली. चोळताना ओठ हलत होते.

“काय पुटपुटतेस?”

“काय नाय.”

“घागरीचंच ना? सगळ्या गावाला कळलं.” तो गोधडीतून म्हणाला. “घागर, घागर. डोकं उठवलंस माझं.”

“तुमच्यासाठीच हाय ते.”

“ठावं हाय.” त्याला पुन्हा हुडहुडी आली. ती जाईपर्यंत तो थांबला. “पण पहिल्या दिवशी घागर कुठं व्हती?”

बायजाचा हात थांबला.

“माझ्या उशाशी तांब्या व्हता. मला पाणी पाजायचीस, त्यो. त्योच घेऊन गेलीस तू. भिजत परत आलीस न् तिथंच ठिवलास.”

“तुमी तर बेसुद व्हता.”

“डोळं मिटलेलं व्हतं. मेलो नव्हतो.”

बायजाला ती सकाळ आठवेना. आठवला तो सासूचा आवाज, नवरा उठून बसल्यानंतरचा. एवढा सोन्यासारखा लेक वाचला आन् तांब्याभर पाण्यावर भागवतेस? लोक थुकतील तोंडावर. त्या दिवसापासून घागर. आणि रोज डोक्यावर घागर घेता घेता तिला वाटायला लागलं होतं की आपण घागरच कबूल केली.

“इतकी वर्सं बोलला नाय ते?”

“तू उचलत व्हतीस की,” कोंडाजी म्हणाला. “मग मी कशाला बोलू?”

बायजा ताडकन उठली. काढ्याचं भांडं तिनं चुलीपाशी इतक्या जोरात आदळलं की पलीकडून जनानं विचारलं, “काय पडलं गं?”

“काय नाय पडलं!”

चुलीसमोर ती निखारे सारत बसली. टेकाडाची चढण, मानेवरून उतरणारं गार पाणी, पोटात लेक असताना अर्ध्या वाटेत टेकलेली घागर. त्या सगळ्याचं काय करायचं ते तिला कळेना. रडूही येईना. निखारे राखेनं झाकून ती उठली, कोंडाजीच्या कपाळाला हात लावून पाहिला. घाम फुटायला लागला होता. पदरानं तिनं तो टिपला, जरा जोरातच.

पहाटे कोंडाजी झोपेत होता. बायजानं न्हाऊन ओलेत्यानंच मांडणीवरचा तांब्या काढला, चिंचेनं घासला, त्याच्या गळ्याला सुंभाची दोरी बांधली आणि गाठ दोनदा ओढून पाहिली. अंगणात धुकं होतं. विहिरीच्या वाटेवर बायांच्या घागरी वाजत होत्या, कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. दारात ती क्षणभर थांबली, पदर सारखा केला आणि त्यांच्यामागून चालू लागली.