उतरवलेली यंत्रं

जळगावात दलिचंद शेठच्या साबणाच्या गोदामापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. एकोणसत्तर साल, माणूस चंद्रावर जाऊन आला, आणि आमचे व्यापारी तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या यंत्रापुढे लोळण घेत होते!

"लक्ष्मी चंचल है, सेठ! मी तिला खिळ्याने ठोकतो!" लक्ष्मीसिद्ध महाराज हातोडी नाचवत ओरडला. "जा, बघून या! जिथे माझं यंत्र, तिथे गिऱ्हाईक मावत नाही!"

आणि ते खरं होतं, हीच तर मेख. लोक बघून आले होते. दलिचंद शेठने तर ठरवलं होतं, खानदेशातल्या आपल्या प्रत्येक दुकानदाराकडे यंत्र ठोकायचं. साबण खपवायला मग जाहिरात नको, भोंगा नको!

दाराआड त्यांची मुलगी लाडकुंवर संतापाने जळत होती. गेल्या दिवाळीत तिच्या सासरी, यावलच्या दुकानात, असंच यंत्र लागलं होतं. पुढे खप घसरला. महाराजाने यंत्र उपटलं आणि म्हणाला, "सुनेचा पायगुण वाईट. यंत्र काय करणार?" सासऱ्याने, पन्नालालने, तिला माहेरी आणून घातलं. आणि बाप त्याच महाराजाला हार घालत होता! तिला परत न्यायचं की नाही, हे सांगायला पन्नालाल आज आला होता.

सासऱ्यापुढे तोंड उघडायची रीत नव्हती. लाडकुंवरने पदर पुढे ओढला आणि बाहेर येऊन भिंतीवर एक मोठा खाकी कागद लावला. खोक्यांचे कागद जोडून तिने खानदेशचा नकाशा काढला होता.

"बाबूजी," ती बापाला म्हणाली, "कुंकवाचा ठिपका, तिथे यंत्र आहे. चुन्याचा, तिथून उतरवलं. कौतिकभाऊ, खरं ना?"

कौतिक हा दलिचंद शेठचा फिरता विक्रेता, गावोगाव भोंगा लावून साबण खपवणारा. म्हणाला, "बठ्ठं मी मना डोयाघाई देखेल शे, शेठ." सगळं त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

चुन्याचे ठिपके कुंकवाहून जास्त होते.

"दुकान बसलं की हे यंत्र काढून नेतात. मग यंत्राखाली चालतीच दुकानं उरणार! खप वाढला तो एसटीच्या थांब्यापाशी, आणि कौतिकभाऊंचा भोंगा वाजतो त्या बाजारांत. यंत्र असो वा नसो. यावलचा थांबा दुसऱ्या टोकाला गेला, गिऱ्हाईकही गेलं. एसटी काय माझ्या पायगुणाने हलली?"

हशा पिकला. "श्रद्धा कच्ची..." एवढं पुटपुटून महाराजाने झोळी उचलली आणि काढता पाय घेतला.

"या पांढऱ्या गावांत खापर कुणावर फुटलं, तेही सांगा, भाऊ," लाडकुंवर म्हणाली.

कौतिकने मान खाली घातली. "जामनेरले इधवा बहीण. शिंदखेडाले सून. धरणगावले म्हातारी माय."

आता कुणी हसलं नाही. दलिचंद शेठ पन्नालालपुढे आले. "व्याही, आता तरी नेताय ना पोरीला?"

पन्नालालने पगडी सारखी केली. "महाराज लबाड, कबूल. पण गावभर बोभाटा झाला ना! मनात किंतु राहतोच."

"मग नकोच," लाडकुंवर म्हणाली. रडू आवरत नव्हतं, तरी आवाज खणखणीत होता. "डोळ्यांनी पाहूनही तुमचा किंतु जात नाही, तर त्या घरात मी कशाला येऊ?"

बाबांनो, चमत्कार झाला ती ठिकाणं दाखवणारे पुष्कळ भेटतील. त्यांना विचारा, झाला नाही ती कुठे आहेत? तिथे दोष कुणाच्या माथी मारला? आणि वेळेवर विचारा. यावलला कुणी विचारलं नाही, म्हणून लाडकुंवर माहेरीच राहिली.