पिवळ्या रंगातली माणसं

नकाशांच्या छापखान्यात माझी हयात गेली. भिंतीवर टांगायचे मोठे नकाशे असतात ना, त्यांचे रंग मी घोटते. सखल भागाला हिरवा, डोंगराला तपकिरी, कोरड्या भागाला पिवळा. अर्धा देश पिवळाच, त्यामुळे तो डबा सगळ्यात आधी संपतो. आणि माणसं? ती सगळी हिरव्यात, एकमेकांच्या उरावर. मला वाटायचं, पिवळ्यात कोण कशाला राहील मरायला!

माझी एकुलती एक लेक नर्स झाली आणि नेमकी तिथेच गेली. दवाखान्यात एकटीच. उद्या काही बरंवाईट झालं तर कुणाला कळणार? माझ्या जिवाला घोर लागला. शेवटी रजा टाकली आणि तिला परत आणायचंच म्हणून निघाले.

बसमधून दिवसभर वस्ती हटता हटेना. शेत, घर, दुकान, परत घर. मग घाट लागला. अलीकडच्या उतारावर ढग गच्च दाटलेले, आणि माथा ओलांडला तर सगळं कोरडं ठणठणीत! एका डोंगराने अख्ख्या देशाची वाटणी केलेली. मी आ वासून बघत राहिले. इतकी वर्षं हा डोंगर मी रंगवत होते, पण त्याचा हा पराक्रम मला ठाऊकच नव्हता.

दवाखान्यामागे खडकातून बारीक झरा येत होता.

"पाणी तिथे घर," लेक म्हणाली. "पुढचं पाणी अर्ध्या दिवसाच्या चालीवर, म्हणून शेजारीही तेवढ्यावर."

"जळो तो शेजार! सामान बांध," मी म्हटलं.

ती नुसती हसली. तेवढ्यात जीप आली, कुठेतरी एक बाई अडली होती. लेकीने पिशवी उचलली, जाता जाता दारावरचा दिवा लावला आणि गेली.

अंधारलं तसे डोंगराच्या पायथ्याशी दिवे दिसू लागले. एक, मग भलंमोठं अंतर, मग दुसरा. जिथे झरा, तिथे दिवा. एवढ्या अफाट मुलखात पाण्याने जागा दाखवली तिथेच माणूस टेकला होता. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मग आमच्या दाराकडे लक्ष गेलं. आसपास चिटपाखरू नाही आणि हा मोठा दिवा फुकट जळतोय! बंद केला आणि झोपले.

सकाळी दार उघडलं तर अंगणात ही एवढी माणसं! एक ट्रॅक्टर, दोन घोडी, बाकी पायी आलेले. एक म्हातारी पुढे झाली.

"नर्सबाईंना काय झालं? दिवा दिसेना, तसे निघालो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अहो, मीच बंद केला. वीज वाचावी म्हणून."

सगळे असे हसले की घोडी बुजली. रागावलं कुणीच नाही. तेवढ्यात लेक परतली. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. गर्दी बघून तिने कपाळावर हात मारला. "आई, काय हा उद्योग!"

चहा पिताना म्हातारी मायेने म्हणाली, "लेकीची काळजी करू नका हो. आम्ही बघतो. पण तिकडे तुम्ही एकट्याच ना? तुमच्याकडे कोण बघतं?"

आमच्या इमारतीतली सगळी दारं मी मनातल्या मनात ठोठावली. एकही नाव ओठांवर येईना.

"आहेत ना, पुष्कळ आहेत," मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं.