पार्वतीबाईचा काढा

ब्राह्मणपुरीच्या पार्वतीबाईला चहाचा जेवढा राग होता, तेवढा सख्ख्या नणंदेचाही नव्हता. आणि नणंदेशी ती बावीस वर्षं बोलत नव्हती, आता काय ते समजा.

शहाद्याच्या बाजारात चहाची गाडी यायला लागली तेव्हापासूनची ही गोष्ट. घोडा जुंपलेली गाडी, तिच्यावर पितळी बंब, बाजूला भोंग्याचा बाजा, आणि एक टोपीवाला माणूस येईल त्याच्या हातात फुकट कप ठेवतोय. बाजाराला गेलेले गडी घरचं मीठ विसरून यायचे, पण चहा पिऊन यायचे. इकडे पार्वतीबाई ओट्यावर बसून बायकांना सांगायची,

"एक जन रोज चार कप चहा पिये. त्याले एक मच्छर चावना. तो मच्छर आठ दिन झोपना नही, भिताडले टकरा मारी मारी मरी गया!"

बायका तोंडाला पदर लावायच्या.

"हासू नका वं! चहानं रगत काळं पडस. काळीज वाळीसन खारीक व्हस. दूध आटस."

"म्हैसनं का बाईनं?" शेजारची शांतीबाई मुद्दाम विचारायची.

"दोन्हीसनं!"

स्वतः पार्वतीबाई काढा प्यायची. सुंठ, मिरे, तुळस, गवती चहा आणि गुळाचा खडा. सकाळी एक वाटी, दुपार कलली की एक वाटी. सून कौसा तो करायची. कुणी म्हटलंच, "माय, तुन्हा काढामाबी चहा शेच ना," तर पार्वतीबाई डोळे वटारायची, "ते गवत शे! म्हैस खास ते!" वय साठीला टेकलेलं, पण त्या काढ्याच्या जोरावर ती अशी चालायची की तिची सावली दहा पावलं मागे राहायची आणि धापा टाकत गाठायची.

त्या साली आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, पाचव्या दिवशी समाजाचे पंच बसणार होते. सुरतेकडचे सोयरे लग्नात दुधाचा पेला बाजूला सारून चहा मागायला लागले होते. ज्या घरी चहा उकळेल त्या घरच्या पंगतीला वर्षभर कुणी जायचं नाही, असा ठराव मोठे पंच मगनआबा आणणार होते. आणि ठरावाआधी तापीचं पाणी हातात घेऊन शपथ कोण घेणार? तर पार्वतीबाई. "या तोंडमा चहाना थेंब गया नही," एवढं तिनं म्हणायचं, की मग बाकी सगळे म्हणणार.

तोवर त्या गावात बाई पंचांसमोर यायची ती डोळे पुसतच यायची. जाजमावर बसायचा मान पार्वतीबाईला पहिला. महिनाभर ती मनातल्या मनात त्या जाजमावर बसत होती.

आखाजीच्या आदल्या दिवशी कौसा माहेरी गेली आणि पार्वतीबाईची लेक मीना माहेरी आली. आखाजीला लेकींनी माहेरी यायचं, अशीच रीत. घरातली एक जाते, एक येते, अंगणातला झोका तोच. आखाजीच्या सकाळी मीनानं काढा ठेवला. पार्वतीबाईनं वाटी तोंडाला लावली आणि खाली ठेवली.

"काय टाकं यामा?"

"वहिनी टाकस तेच, माय. सुंठ, मिरे, तुळस..."

"काहीतरी कमी शे."

"गूळ टाकू?"

"गूळ नही. काहीतरी."

दुपारपर्यंत तिच्या कपाळात कुणी पाटा-वरवंटा घेऊन बसलं. संध्याकाळपर्यंत दोघी बसल्या. अंगणात पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या, आणि एरवी गाण्यात सगळ्यांच्या वर आवाज लावणारी पार्वतीबाई आत ओरडली, "गळा कापी ऱ्हायनात का कोन्हा?" पोरी गप्प. मग ती गप्पपणावर चिडली. आखाजीच्या दिवशी घरात सुतक असल्यासारखं काय बसायचं?

दुसऱ्या दिवशी तर तिला जागाच सापडेना. ओट्यावर बसली, उठली. माजघरात आडवी झाली, उठली. डोक्याला फडकं बांधलं, ते घट्ट वाटलं. सोडलं, तर डोकंच सुटून जाईल असं वाटलं. मीनाची कालची उरलेली पुरणपोळी पाहून तिला मळमळलं. म्हशीनं शेपटी हलवली तेसुद्धा तिला मुद्दाम हलवल्यासारखं वाटलं.

"नजर लागनी तुले," शांतीबाई म्हणाली. "पंचमा बसनार ना तू! गावभरन्या बाया जळी ऱ्हायन्यात." मीठमोहऱ्या उतरवल्या, त्या चुलीत तडतडल्या, आणि प्रत्येक मोहरी पार्वतीबाईच्या कपाळात फुटली.

तिला भीती वेगळीच होती. तीन दिवसांनी पंचांसमोर फडकं बांधून, डोळे बारीक करून बसायचं? लोक म्हणतील, काढा पिणारीची ही गत, तर चहाच बरा.

तिसऱ्या दिवशी तिचा मुलगा गिरधर नंदुरबारहून आला. स्टेशनवरच्या मद्रासी पार्सलबाबूशी त्याची ओळख होती. त्यानं कागदाची पुडी काढली.

"माय, तो बाबू डोकं दुखनं का हाई पेस. कॉफी."

पार्वतीबाईनं पुडी हातभर लांब धरली. "चहानी बहीण तं नही ना?"

"झाडच निराळं, माय. चहाना पाला ऱ्हास. हाई बी शे. बी भाजतंस आन दळतंस."

"बी शे ना? मंग काय हरकत शे," म्हणाली. डोकं दुखणाऱ्या माणसाला झाडाची जात चटकन पटते.

मीनानं दुधात उकळून दिली. कडू. जळक्या भाकरीसारखी. पार्वतीबाईनं नाक धरून संपवली आणि घटका-दोन घटकांत कपाळातल्या दोघी पाटा-वरवंटा उचलून निघून गेल्या. ती हरखून म्हणाली, "अजून एक दे." मग अजून एक. पुडी संपली.

आता तिसऱ्या वाटीनं काय केलं ते ऐका. छातीत लाह्या फुटायला लागल्या. हात थरथरायला लागले आणि थरथरणाऱ्या हातांना काम पाहिजे, म्हणून तिनं शेण कालवलं. माजघर सारवलं, ओटा सारवला, अंगण सारवलं, सारवता सारवता शांतीबाईच्या अंगणात शिरली, आणि शांतीबाईचा नवरा दारात आडवा झोपला होता तो सारवला जायचा थोडक्यात वाचला. "वं बाई, तुले झालं काय?" शांतीबाई ओरडली. "काही नही, बरं वाटी ऱ्हायनं!" असं म्हणत पार्वतीबाई गोठ्याच्या भिंतीकडे वळली. त्या दिवशी तिनं तीनदा धुणं धुतलं, त्यात दोनदा तेच. नीज मात्र तिच्या डोळ्यांकडे फिरकलीच नाही.

चौथ्या दिवशी पुडी नाही, आणि पाटा-वरवंटा परत. शांतीबाईनं युक्ती काढली. डोंगराकडच्या मजूर बायका रानातल्या तरोट्याचं बी भाजून, कुटून, उकळून प्यायच्या. तिनं वाटीभर आणून दिलं. रंग हुबेहूब कॉफीचा, वास तसाच, कडूपण तसंच. पार्वतीबाई दोन वाट्या प्यायली आणि वाट बघत बसली. पोट हलकं झालं, डोकं होतं तिथंच.

बसल्या बसल्या ती विचार करायला लागली. रंगात काही नाही. कडूपणात काही नाही. मग त्या मद्रासी बियात असं काय होतं, जे तरोट्यात नाही, आणि मीनाच्या काढ्यात नाही? आणि आखाजीआधी कधी डोकं दुखलं नाही, म्हणजे तेव्हा ते कुठून मिळत होतं? विचार तिथवर आला आणि तिनं तो हातानं झटकला, माशी झटकावी तसा. माशी परत बसली.

पाचव्या दिवशी सकाळीच कौसा परतली. पायावरची धूळसुद्धा धुऊ न देता पार्वतीबाईनं तिला चुलीपुढे बसवलं. "काढा कर." वाटी आली. पहिला घोट जिभेवर गेला आणि पार्वतीबाईनं डोळे मिटले. वाटी संपली तसं डोकं असं उतरलं, जसं कुणी डोईवरचं सरपण उतरवून घेतलं.

तिनं मीनाला म्हशीकडे पाठवलं आणि दार लोटलं.

"कौसा. काय टाकस तू यामा?"

"सुंठ, मिरे, तु..."

"कौसा!"

कौसाचं तोंड एवढंसं झालं. तिनं मिठाच्या मडक्यामागून चिंधीत बांधलेली पुडी काढली. काळा, वळलेला, चुरगळलेला पाला.

"कधीपासून?"

"पऱ्हारनी आखाजीपासून, आत्याबाई." म्हणजे दोन वर्षं. कौसा घाईघाईनं बोलायला लागली. "मी मन्हासाठे करेल व्हता. वाटी बदली गई. तुमीन पी लिन्हा, आन म्हने, कौसा, आजना काढा झाक शे, रोज असाच कर. मंग मी काय करू? साधा करा तं तुमी वाटी फेकी देयेत!"

पार्वतीबाई पुडीकडे बघत राहिली. दोन वर्षं. रगत काळं पडायला हवं होतं. तिनं नखाजवळचं कातडं दाबून बघितलं, लाल. काळीज खारीक झालं असतं तर परवा एवढं धडधडलं नसतं. म्हैसही दोन्ही वेळा दूध देत होती.

"पंचमा सांगशात?" कौसानं विचारलं. आवाज असा, जणू अजून न सोडलेली बोचकी तिला तशीच उचलून परत निघावं लागणार. सासूला फसवून चहा पाजणारी सून! मगनआबा तिला उन्हं उतरायच्या आत माहेरी धाडतील आणि परत आणायला कुणी जाणार नाही.

पार्वतीबाई उठली, बसली, पुन्हा उठली. गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं? एकटी कौसा जाणते आणि ती बोलणार नाही. पण हातात तापीचं पाणी! तिच्या मामानं एकदा तापीचं पाणी धरून दुसऱ्याचा बैल आपला म्हटला होता, तर तो बैल मरेपर्यंत मामाच्या मागे फिरला. शेतात, बाजारात, सासुरवाडीला, सगळीकडे. ही गोष्ट पार्वतीबाईनं स्वतःच रचली होती, पण इतक्यांदा सांगितली होती की आता तिलाच ती खरी वाटायची.

दुपारी देवळापुढे जाजम अंथरलं. पंच बसले, सोयरे बसले, बायका कडेला उभ्या राहिल्या, त्यांच्यात कौसा पदर डोळ्यांपर्यंत ओढून. पार्वतीबाई जाजमावर बसली खरी, पण तिला त्या जाजमाखाली काटे असल्यासारखं होत होतं. मगनआबा बोलत होते, बोलत होते. दूध म्हणजे काय, पूर्वज काय प्यायचे, मुंबईचं पाणी कसं बिघडलं. सूर्य कलला. काढ्याची वेळ आली आणि तिच्या कपाळाच्या एका कडेला कुणी पाटा ठेवून बघितला.

शेवटी तापीकाठच्या प्रकाशा गावाहून आणलेल्या पाण्याचा लोटा तिच्या हातात आला.

"म्हना, पार्वतीबाई," मगनआबा म्हणाले.

लोटा गार होता. सगळं गाव तिच्या तोंडाकडे बघत होतं. तिनं वाकून लोटा जाजमावर ठेवला, हात पदराला पुसून कोरडे केले, आणि कोरड्या हातांनी मोकळेपणानं खोटं बोलायला सुरुवात केली.

"दोन वरीस व्हयनात, मी चहा पी ऱ्हायनू. काढामा टाकीसन. मीच सूनले सांगेल व्हतं. ती बिचारी नही म्हने. मीच तिले मारानी धमकी दिन्ही."

कडेला कौसाचा पदर खाली सरकला. तिनं उभ्या जन्मात सासूचा हात अंगावर पडलेला पाहिला नव्हता.

जाजमावर गलका झाला. "आन रगत काळं पडस ते?" कुणीतरी ओरडलं.

"मी पाही लिन्हं. लालच शे," पार्वतीबाई म्हणाली. "पन आयका. चार दिन नही भेटना तं डोकं फुटाले लागनं, जीव एक जागावर बसेना. कॉफी तीन वाट्या पिनू तं नीज गई. ज्याले असं बांधायी घेनं व्हई त्यानी पेवा. ज्याले नको, त्यानी दूध पेवा. मी शपथ लेवाव नही."

मगनआबा लालबुंद झाले. "तू उठ जाजमवरथीन! बाकीसनी शपथ लेवा!" आणि त्यांनी लोटा उचलून शेजारच्या पंचापुढे धरला.

त्या पंचाला एकदम खोकला आला. त्यानं लोटा पुढच्याकडे सरकवला. पुढच्याच्या हाताला जखम होती, ती त्यालाही आत्ताच आठवली. तिसरा म्हणाला, आधी मोठ्यांनी घ्यावी. लोटा जाजमावरून असा चालला, जणू आत पाण्याऐवजी निखारे होते. बाजाराला जाणारे गडी सगळे तिथंच बसलेले होते ना!

पार्वतीबाई केव्हाच उठली होती. तिला त्यांचा लोटा कुठवर जातो ते बघायला सवड नव्हती. कपाळाच्या दुसऱ्या कडेलाही आता पाटा ठेवला जात होता. तिनं गर्दीतून कौसाचं मनगट धरलं आणि घराच्या वाटेला लागली, सावली मागे ओढत.

"आत्याबाई," कौसा धापा टाकत म्हणाली, "पंच हाका मारी ऱ्हायनात."

"मारू दे. तू आगे चाल आन चुलो पेटाड. एकच वाटी दे माले, दुसरी मांगी तं देऊ नको."

"आन मी?"

"तुन्ही तू ले. आते कोन्हापासून लपाडशी?"