एक इंच जास्त

“मास्तर, लाकूड आहे हे! पॅन्टसारखी खालून दुमड नाही घालायची त्याला!” सुताराला हसू आवरेना.

त्याच्यासमोर स्टूल उभं होतं. उभं म्हणायचं इतकंच. तीन पाय टेकायचे आणि चौथा अधांतरी. तो चौथा तेवढा सुताराने सकाळी नमुना म्हणून कापून दिला होता, बरोबर सोळा इंचांचा. मग तो एका गिऱ्हाइकाकडे दार बसवायला गेला आणि उरलेले तीन मास्तरांनी एकट्याने कापले, ठोकले, चिकटवले. तिन्ही सतरा इंच भरले. चाळीस वर्षं शिलाईत गेलेला हात तो! सोळा मोजले तरी खडूची रेघ सतरावर पडायची. दुमडायला माया सोडल्याशिवाय कापायचं कसं, हे त्या हाताला माहीतच नव्हतं.

“तीन पायांचा एकेक इंच उडवा, की झालं काम,” करवत पुढे करत सुतार म्हणाला. “नाहीतर राहू द्या, मीच देतो करून.”

“नको. मीच करणार.”

कोण करतं याने काय फरक पडतो, हे सुताराला कळेना. मास्तरांना मात्र पडत होता. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते. पंधरा दिवसांपूर्वी मास्तर बटणं आणायला म्हणून बाहेर पडले आणि दुकानदाराशी गप्पा छाटत बसले. परत आले तर बायको स्वयंपाकघरात प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर, भिंतीला पाठ लावून. भाजी निवडायला बसली होती, ती उठताच आली नव्हती. दोन तास. ओट्याची कड धरधरून तळवे लाल झाले होते. मास्तरांनी तिला काखेत हात घालून उठवलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, “कोणाला सांगू नका हं.”

तेव्हापासून ती बसेचना. सगळं काम उभ्याने. संध्याकाळी पाय सुजून टम्म. मास्तरांच्या जिवाला तेव्हापासून घोर लागला होता आणि लाजही वाटत होती. म्हणून तर एका रात्री टेप घेऊन त्यांनी तिच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं माप घेतलं होतं, अगदी गिऱ्हाइकाचं घ्यावं तसं.

करवत आणि लंगडं स्टूल घेऊन ते घरी आले. कापायच्या आधी तिला दाखवावं, एवढाच विचार.

“हे काय, डुगडुगतंय की!” ती दारातूनच म्हणाली.

“आत्ता सरळ करतो. तीन पाय जरा कमी केले की—”

“थांबा हो. आधी बसून बघू द्या.”

“अगं, पडशील!”

“तुम्ही आहात ना इथे?”

मास्तर इकडेतिकडे बघू लागले. मग त्यांनी पिशवीतून कापलेल्या पायाचा उरलेला तुकडा काढला, त्यातला इंचभर करवतून घेतला आणि आखूड पायाखाली सरकवला. स्टूल ठाम उभं राहिलं. ती ओट्याशी पाठ करून हळूच टेकली. मास्तर समोर वाकून उभे, तिच्या कोपराखाली हात धरून.

“माप चुकलंय माझं,” ते पुटपुटले. “एक इंच उंच झालंय.”

तिने पावलं जरा मागे घेतली, पुढे झुकली आणि उठली. ओट्याला हात न लावता. मग पुन्हा बसली, पुन्हा उठली. तिसऱ्यांदा उठली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर ऑपरेशनच्या आधीचं हसू होतं.

“खबरदार करवत लावाल तर!” ती म्हणाली. “त्या एका बिचाऱ्यालाच वाढवा.”

मास्तरांनी तुकडा पायाला चिकटवला आणि दुसऱ्या दिवशी स्टूल दुकानात नेलं. सुताराने तो पाय पाहिला आणि कपाळाला हात लावला. “ठिगळ? मास्तर, लाकडाला ठिगळ? माझ्या दुकानातून गेलंय म्हणून सांगू नका कोणाला.” पण खालून लांब स्क्रू मारून, सांधा घासून त्याने तो तुकडा असा पक्का केला की बोट फिरवलं तरच कळावं.

त्या संध्याकाळी ती स्टुलावर बसून भाजी निवडत होती. पायाची सूज आज बरीच उतरली होती. मास्तर उगाचच दारात घुटमळत होते. बाहेर जायचं होतं, पण पाऊल निघत नव्हतं. निवडून झाली, तशी ती उठायला पुढे झुकली आणि मास्तर झेपावले.

ती उठून उभी राहिली, भाजीचं ताट ओट्यावर ठेवलं आणि वळून बघितलं. मास्तरांचा हात तसाच पुढे होता, रिकामा.

“खाली घ्या तो,” ती म्हणाली. “आणि जा आता. बटणं आणायची राहिलीत ना तुमची?”