एनपीसी म्हणजे

“एनपीसी म्हणजे काय गं?” सुरेखाने फोन लेकीपुढे धरला.

कॅनडात वॉनच्या ज्या वेअरहाऊसमध्ये ती कामाला होती, तिथल्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला होता. सुरेखा पार्सलं स्कॅन करतेय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘गुड मॉर्निंग, ऑल गुड?’ विचारतेय. तेच वाक्य पुन्हा पुन्हा जोडलेलं. वर लिहिलेलं, ‘अवर एनपीसी आंटी’. सुपरवायझरसकट सगळ्यांनी खाली हसरे चेहरे टाकले होते. सुरेखाला वाटलं, कौतुक असेल. तिने ‘थँक्यू ऑल’ लिहून टाकलं.

अनुयाचा चेहरा उतरला. “हू पोस्टेड धिस?”

“आधी अर्थ सांग.”

“गेममध्ये बॅकग्राउंडला माणसं असतात ना, सेम लाइन रिपीट करणारी? दे डोन्ट थिंक. दे आर जस्ट देअर.”

“म्हणजे शोभेची?”

“शोभेचीपण नाही, आई. जस्ट इग्नोर इट.”

“अगं, थँक्यू म्हणाले मी त्यांना!” सुरेखाचे कान तापले.

व्हिडिओ गौरांगीने टाकला होता. नाशिकहून शिकायला आलेली, पार्टटाइम काम करणारी पोर. ऐन थंडीत तिची बस चुकायची, म्हणून सुरेखा अख्खा हिवाळा तिला गाडीतून नेत-आणत होती.

दुसऱ्या दिवशी सुरेखाने तिला बाजूला घेतलं.

“अहो काकू, मजेत म्हणतात तसं. सगळेच म्हणतात.”

“मग सुपरवायझरला म्हण एनपीसी. माझ्यासमोर. चल.”

गौरांगी जागची हलली नाही.

“नाही ना धजत? म्हणजे अर्थ तुला चांगला ठाऊक आहे. आणि मी विचारते ते उत्तर ऐकायला विचारते. वॉशरूममधून रडून आली होतीस, तेव्हा दुसऱ्या कुणी विचारलं होतं तुला?”

“डिलीट करते, काकू.”

“ते नंतर. आधी तिथेच सॉरी लिही, सगळ्यांना दिसेल असं. माझं थँक्यू अजून तिथेच आहे.”

गौरांगीने लिहिलं. सगळ्यांनी वाचलं. सुपरवायझर समजूत घालायला आला. “सुरेखा, जस्ट अ जोक. दे आर किड्स.”

“यू ऑल्सो लाफ्ड,” ती म्हणाली. “यू आर नॉट अ किड.” आणि तिने पुढचं पार्सल ओढलं.

जेवणाच्या सुट्टीत गौरांगी डबा घेऊन तिच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. समोरच्या खुर्चीवर सुरेखाचं जॅकेट होतं. एरवी तिने ते लगबगीने उचललं असतं.

आज सुरेखा मान खाली घालून पोळीचा तुकडा मोडत राहिली.