उभ्या छेदातला माणूस

मानवी मन पाताळाहून खोल आहे आणि त्यात उतरायला असामान्य धैर्य लागतं, असं माझं ठाम मत आहे. आमच्या घरात मात्र प्रश्न एवढाच होता की मेव्हणा आंघोळीला बसला की बाकीच्यांनी तोंड कुठे फिरवायचं.

मेव्हणा लिफ्ट दुरुस्त करतो. एकदा तो आणि त्याचा उस्ताद लिफ्टच्या टपावर उभे राहून काम करत होते. वीज गेली आणि दोघे दोन मजल्यांच्या मध्ये अडकले. उस्तादाच्या छातीत कळ आली. लोकांनी दार फोडलं तेव्हा मेव्हणा अंधारात गप्पा मारत होता, आणि उस्ताद बऱ्याच वेळापासून उत्तर देत नव्हता.

तेव्हापासून मेव्हण्याला बंद दार चालेना. न्हाणीघराचंसुद्धा. त्याची बायको मुलीला घेऊन माहेरी निघून गेली. दार लागलं की परत येईन, असं बजावून. तो आमच्याकडे आला.

"अरे, निदान पडदा तरी लाव!" माझी बायको, म्हणजे त्याची ताई, ओरडायची.

"तू बघू नकोस ना!"

शेवटी मी त्याला चित्रं काढायला आणि लिहायला लावून उपचार करणाऱ्या एका बाईंकडे नेलं. त्यांनी रंगीत खडू दिले. काळा तेवढा काढून घेतला. नाहीतर लोक नुसता अंधार काढतात म्हणे.

"ती जागा काढा."

मेव्हण्याने पट्टी मागितली आणि लिफ्ट ज्यातून वरखाली होते त्या विहिरीचा उभा छेद काढला. दोर, रूळ, मापांसकट.

"सुंदर. पण यात तुम्ही कुठे आहात?"

"छेदात माणूस दाखवत नाहीत, मॅडम."

पुढच्या खेपेला बाईंनी कपाटाचं कुलूप उघडून तोच कागद काढला. चित्रातल्या लिफ्टच्या टपावर आता एक माणूस उभा होता. पाठमोरा, पोट सुटलेला. हात काळे.

"छान प्रगती आहे," बाई म्हणाल्या.

"मी नाही काढला."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काढलेल्या गाईला लोक टेबल समजतात. मी त्या काळ्या हातांवरून बोट फिरवलं. बोटाला ग्रीस लागलं.

त्यानंतरच्या खेपेला माणूस आमच्याकडे तोंड करून उभा होता.

बाईंनी खुर्ची जरा मागे घेतली, पण धंद्याला जागल्या. "उजव्या हाताने त्यांना प्रश्न लिहा. उत्तर डाव्या हाताला देऊ द्या."

मेव्हण्याने लिहिलं, 'उस्ताद, काय पाहिजे?'

डावा हात बराच वेळ नुसता पडून होता. मग झरझर चालला. अक्षर गोल, वळणदार. मेव्हण्याच्या उजव्या हातालाही असं कधी जमलं नव्हतं.

'किती गप्पा मारशील? ऐकू येतंय. हात धुवायचेत.'

मेव्हणा त्या दिवशी पहिल्यांदा रडला, चांगला हुंदके देऊन. छेदातला टप पुन्हा रिकामा झाला होता.

घरी येताच तो न्हाणीघरात शिरला आणि दार ओढू लागला.

"जमेल ना रे?" मी विचारलं.

"उस्ताद लाजाळू आहे, भाऊजी. उघड्या दाराने नाही चालायचं त्याला."

आतून कडी लागली. माझी बायको दाराला कान लावून उभी, मी तिच्यामागे. पाणी पडत होतं. मध्येच मेव्हणा खो खो हसला, कुणीतरी जुना विनोद सांगितल्यासारखा. मग पाणी थांबलं.

"ताई," आतून हाक आली, "टॉवेल दे गं."

ती डोळे पुसत धावली.

"आणि दोन दे!"