नाव मागाहून भरणे

मी एक जुना फोटो आहे, मित्रांनो. मुंबईतल्या एका दप्तरखान्यात, लोखंडी कपाटाच्या तिसऱ्या खणात पडून असतो. माझ्यात पांढरी टोपी घातलेला एक तरुण उभा आहे, हातात पत्रकांचा गठ्ठा. खाली चिठ्ठी आहे : अनोळखी कार्यकर्ता, पालघर भाग. ती चिठ्ठी खोटी आहे.

माझा जन्म एकेचाळीस साली पालघरच्या एका छोट्या स्टुडिओत झाला. तो तरुण उमरोळीच्या सभेची पत्रकं वाटायला निघाला होता. फोटोवाल्याने गठ्ठा खाली ठेवायला सांगितलं, तर म्हणाला, "राहू दे हातात. मी हे वाटणारा मानूस हाय, लोकांना तसाच दिसू दे."

पुढच्या वर्षी तो तुरुंगात गेला आणि तिथेच तापाने वारला. मूलबाळ नव्हतं. तारापूरजवळच्या वस्तीत त्याची बायको, जिला सगळे माई म्हणत, आणि मी, एवढेच उरलो. माई रोज पदराने माझी काच पुसायची, वाडीत नारळ किती उतरले ते मला सांगायची. आलागेला आधी मलाच बघायचा. मी जरा फुगायचोही, खोटं कशाला बोलू?

चौसष्ट साली तिकडे वीज केंद्राचं मोठं काम निघालं आणि आमची वस्ती उठली. त्याच दिवसांत या दप्तरखान्यातले चंद्रभान नावाचे एक कारकून जुने फोटो, पत्रकं, जाहीरनामे गोळा करत आले. भला माणूस. माझ्या कडांना लागलेली ओल पाहून म्हणाले, "माई, हा आमच्याकडे द्या. शंभर वर्षं टिकेल."

माईने मला बराच वेळ छातीशी धरून ठेवलं, मग त्यांच्या हातात दिलं.

"यांचं नाव?" चंद्रभाननी पेन्सिल काढली.

माईने मान खाली घातली. "आमचे घरधनी."

"हो, पण नाव?"

"नवऱ्याचं नाव कसं घेऊ? शेजारी इचारा."

लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव तिच्या तोंडून निघालं नव्हतं. तो गेल्यावरही नाही. शेजारची माणसं तर सकाळीच गाड्या भरून गेली होती. चंद्रभानना बोईसरहून परतीची गाडी पकडायची होती. त्यांनी माझ्या पाठीवर लिहिलं : नाव मागाहून भरणे. पुढे त्यांची बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्याने 'अनोळखी' अशी चिठ्ठी लावून टाकली.

मला राग येतो तो माझाच. माझ्यात त्याचे ओठ आहेत, पण एक अक्षर बोलता येत नाही.

अडुसष्ट साली पालघरात जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरलं. मला तिथे मांडलं आणि कुठूनसं कळून माई आली. किती वाळली होती ती! मला पाहून हसली. शेजारी उभ्या असलेल्या बाईंना म्हणाली, "खाली काय लिवलंय ते वाचा ना." त्यांनी वाचलं. माईचं हसू गेलं.

ती थेट टेबलापाशी बसलेल्या साहेबांकडे गेली. "ते अनोळखी नाय. विश्राम नाव हाय त्यांचं. विश्राम."

साहेबांनी चष्मा काढला. "तुमच्याकडे लेखी काय आहे?"

"लेखी नाय. मी हाय."

"कागद लागतो, माई. नुसत्या तोंडी सांगण्यावर नोंद बदलत नाही."

ती परत माझ्यापाशी आली. पदराने काच पुसायला गेली, पण माझी काच कधीच काढलेली होती. "चुकलं माझं," ती मला म्हणाली. "त्याच दिवशी नाव घ्यायला हवं होतं."

त्यानंतर मी तिला पाहिलं नाही. मित्रांनो, तुमच्या घरी भिंतीवर कुणी असेल, तर त्याचं नाव आजच विचारा आणि फोटोच्या मागे शाईने लिहा. विचारताना घरातल्या बाईने मान खाली घातली, तर तिथून उठू नका. माझ्या माईने जन्माचा संकोच मोडून नाव घेतलं, आणि ते नाव अजून कुठेच लिहिलेलं नाही.